रताळ्याची बियर

आंद्रियाने फोनवर मेल्विनला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्याही सावकाश, लहान मुलाला सांगाव्यात तशा. बाटल्या उभ्या ठेव. थंड ठेव. आणि मी येईपर्यंत उघडू नकोस. पहिल्या दोन गोष्टी त्याने इतक्या मन लावून केल्या, की तिसरी मोडणं त्याला फार सोपं गेलं.

गुरुवारी संध्याकाळी ती दोहाच्या बिन महमूद भागात पोहोचली तेव्हा अर्थातच तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे एक लबानचा कारखाना होता. लबान म्हणजे इथलं दाट ताक. प्रत्येक बॅचमधला थेंबभर नमुना काचेच्या बशीत पसरायचा, उबेत ठेवायचा आणि त्यावर काय उगवतं ते बघायचं, हे आंद्रियाचं काम. वसईहून मायक्रोबायोलॉजीची पदवी घेऊन ती दोहाला आली तेव्हापासून रोज हेच चाललं होतं. बशीत यीस्टचे पांढुरके ठिपके दिसले की अख्खी बॅच ओतून द्यायची. यीस्ट म्हणजे तिचा शत्रू, पण ज्याच्यावर दिवसभर नजर ठेवायची त्याच्याबद्दल माणसाला जसं कुतूहल वाटू लागतं तसं तिला यीस्टबद्दल वाटू लागलं होतं.

मेल्विन तिचा थोरला भाऊ. बिन महमूदमधल्या एका बेताच्या हॉटेलात, पहिल्या मजल्यावर 'मिनातो' नावाचा लहानसा बार होता, तिथला तो सुपरवायझर. या शहरात बार हॉटेलाच्या पोटातच असायचा आणि दारावर ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. तरी आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या जपानी इंजिनिअरांना मिनातो म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा अड्डा वाटायचा. आठवडाभर ती मंडळी उत्तरेकडच्या गॅसच्या प्लांटवर राबायची आणि गुरुवारी अंघोळ करून, केस चापून बसवून इथे यायची. त्यांच्यातले वडीलधारे म्हणजे ओकामोटो-सान. एकदा बोलता बोलता ते मेल्विनला म्हणाले होते, की त्यांच्या गावात एक छोटा कारखाना ऋतूप्रमाणे बियर बनवतो. वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानांची, उन्हाळ्यात गव्हाची आणि लिंबासारख्या एका फळाच्या सालीची, शरदात रताळ्याची, हिवाळ्यात काळी आणि कडक.

मेल्विनने ते डोक्यात धरून ठेवलं. वर्षभर जनरल मॅनेजर खूरी साहेबांच्या मागे लागून त्याने त्या बियरची ऑर्डर काढायला लावली. खूरी साहेब लेबनॉनचे. गोड बोलायचे आणि कशालाच पुरतं हो म्हणायचे नाहीत. पण या वेळी त्यांनी शब्द दिला होता: जपानी मंडळींनी दर महिन्याचं कंपनीचं जेवण इथे ठेवायचं ठरवलं, तर मेल्विन बारचा मॅनेजर. मॅनेजर झाला की करारावर फॅमिली स्टेटस. फॅमिली स्टेटस मिळालं की वसईत गिरीजला राहिलेली त्याची बायको डॉली आणि त्यांची मुलगी इथे येणार. मुलगी चालायला लागली ती मेल्विनने बघितली नव्हती. बोलायला लागली ती फोनवर ऐकली होती.

एकेक खोकं मागवणं परवडत नाही म्हणून वसंत, उन्हाळा आणि शरद एकाच वेळी आले, तेही नोव्हेंबरात, रमझान संपून बार पुन्हा उघडल्यावर. हिवाळा अजून जहाजावर होता. आणि खोकी उघडल्याबरोबर मेल्विनने आंद्रियाला घाबरून फोन केला होता: "बाय, सगळ्या बाटल्यांच्या तळाला कचरा आहे गो!"

"कचरा नाही दादा, यीस्ट असणार. बाटलीत मुद्दाम जिवंत ठेवतात. त्यानेच आत गॅस तयार होतो. उघडू नकोस, मी गुरुवारी येते. आणि हे बघ, रताळ्याची एक बाटली माझ्या नावाने बाजूला ठेव. तिच्या तळाचं यीस्ट मला मायक्रोस्कोपखाली बघायचंय."

"तुझ्या नावाची चिकटपट्टी लावून ठेवतो," तो म्हणाला होता, आणि तसं केलंही होतं.

*

बारच्या मागच्या पॅन्ट्रीत बर्फाचं मशीन उघडून शहाजी खाली बसला होता. शहाजी कराडकडचा, हॉटेलचे सगळे फ्रीज आणि एसी तोच बघायचा. ओट्यावर काचेचे मोठे जग ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून बसवलेली, आणि आतलं पेय असं स्वच्छ, असं सोनेरी, की पलीकडच्या भिंतीवरचं एशियन गेम्सचं पोस्टर त्यातून वाचता येत होतं.

"बघ," मेल्विन म्हणाला. इस्त्रीच्या काळ्या जाकिटात तो खूश दिसत होता.

आंद्रियाने पाहिलं. मग अजून एकदा पाहिलं.

"हे काय आहे?"

"वसंत, उन्हाळा, शरद. सकाळी आलो लवकर, आणि सगळं गाळून घेतलं. मलमलीचं फडकं, त्यात कॉफीचा फिल्टर पेपर. आई नाताळच्या वाइनला करते ना, अगदी तस्सं. ग्लासातून अंगठ्याचं नख दिसलं पाहिजे, म्हणते ना ती? बघ, दिसतंय."

आंद्रियाने एका जगावरची फिल्म काढली आणि कान जवळ नेला. काही ऐकू येत नव्हतं. चमच्याने ढवळलं. दोन-चार बुडबुडे वर आले आणि पाहुण्यासारखे काठाशी जाऊन उभे राहिले.

"दादा, गॅस कुठे गेला?"

"कुठला गॅस?"

"बियरमधला! ही बियर आहे, दादा. नाताळची वाइन नाही. वाइनमध्ये गॅस नसतो, म्हणून आईचं चालतं. तू हिला फडक्यातून थेंब थेंब गाळलंस, सकाळपासून जगात ठेवलंस. गॅस उडाला, वर हवा लागली. मी तुला काय सांगितलं होतं? उघडू नकोस. दोन शब्द. यात न कळण्यासारखं काय होतं?"

"ओरडू नकोस, पाहुणे यायचेत." मेल्विनचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "आणि तूच सांगतेस ना दर शुक्रवारी जेवताना? यीस्ट म्हणजे खराबी. यीस्ट सापडलं की आम्ही अख्खी टाकी ओततो. पाच हजार लिटर ओतलं, सहा हजार लिटर ओतलं. मग मी काय समजायचं? तुझ्या ताकातलं यीस्ट वाईट आणि माझ्या बियरमधलं चांगलं?"

"हो!"

"का?"

"कारण ताकात ते आगंतुक असतं आणि इथे बोलावलेलं असतं!"

"आवो ताई," शहाजी मशीनमधून डोकं काढत म्हणाला, "ही तिसरी रताळ्याची हाय म्हनं. म्हंजे उपासाला चालंल की."

कुणी हसलं नाही. शहाजीने डोकं पुन्हा आत घातलं.

आंद्रियाने तीन छोटे ग्लास घेतले आणि प्रत्येक जगातून घोटभर ओतलं. रागात असली तरी चव घेताना तिची एक रीत होती. आधी वास, मग जिभेच्या टोकावर, मग थांबायचं. वसंताच्या बियरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास होता, हवेने खराब झालेल्या बियरला येतो तसा. त्यामागे कुठेतरी खारट, पानासारखं काहीतरी होतं. पण इतकं दूर, की ते आपण वाचलंय म्हणून वाटतंय की खरंच आहे, हे तिला ठरवता येईना. उन्हाळ्याच्या बियरला मात्र पुठ्ठ्याखाली आणखी एक वास होता. दवाखान्यासारखा. शरदाच्या बियरलाही तोच, थोडा जास्त.

"वसंताला नाही आणि या दोघांना आहे," ती पुटपुटली. असा वास रानटी यीस्टमुळे येऊ शकतो, हे तिला ठाऊक होतं. कदाचित फडक्यातून शिरलं असेल. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तेही थंडीत, इतकं वाढणं शक्य नव्हतं. मग बाटलीतच होतं का? दोन वेगवेगळ्या बियरमध्ये एकच रानटी यीस्ट? हे काही जुळत नव्हतं, आणि न जुळणारी गोष्ट आंद्रियाला दाढेत अडकलेल्या मटणाच्या दोऱ्यासारखी छळायची.

"एकही बाटली शिल्लक नाही?"

"तुझी आहे. बाकी सगळ्या उघडल्या. आठ जण येणार, प्रत्येकाला तिन्ही, आणि परत भरून द्यायला नको?" मेल्विनने जगाकडे बघितलं. "थोडा सोडा मारू का? मशीनचा आहे, गार आहे. बुडबुडे येतील."

"पाणी घालतोयस त्यात."

"गॅस घालतोय."

"पाण्यातून घालतोयस! पाणी येणारच ना बरोबर!"

"मग दुसरं काही आहे तुझ्याकडे? विज्ञानात?" तो खरंच विचारत होता. टोमणा नव्हता तो.

गेलेला गॅस घड्याळात सहा वाजत असताना परत आणायची युक्ती कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. मेल्विनने सोड्याची नळी उचलली आणि तीनही ऋतूंत थोडा थोडा सोडा मारला.

*

पॅन्ट्रीच्या दाराला गोल काच होती. आंद्रिया तिथे उभी राहिली. ओकामोटो-सान मधल्या खुर्चीवर बसले होते, पांढरे केस, फिकट निळा शर्ट. मेल्विनने ट्रे ठेवला, वाकून नमस्कार केला आणि प्रत्येक ऋतूचं नाव जपानीत सांगितलं. ती नावं तो आठवडाभर अंघोळ करताना पाठ करत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर खूरी साहेब कॉफी घेऊन बसले होते आणि दुसरीकडे बघत असल्यासारखं सगळं बघत होते.

ओकामोटो-साननी वसंताचा ग्लास दिव्यासमोर धरला. एक घोट घेतला. शेजारच्यानेही घेतला. दोघांनी मान डोलावली. मग उन्हाळा, मग शरद. प्रत्येक वेळी मान डोलली.

मेल्विन पॅन्ट्रीत आला तो जवळजवळ धावतच. "क्लिअर म्हणाले! 'व्हेरी क्लिअर, व्हेरी क्लीन.' ऐकलंस? तू उगाच जीव काढत होतीस."

"आणि आता काय मागवलंय त्यांनी?"

"ड्राफ्ट, नळाची. नेहमीची. आठही जणांना."

आंद्रिया काचेतून बघत होती. टेबलावर चोवीस ग्लास होते आणि एकाचीही पातळी बोटभरसुद्धा खाली गेली नव्हती. नेहमीची ड्राफ्ट आली तशी मात्र ती माणसं मोकळी झाली, बोलायला लागली, कुणीतरी हसलं. हळूच, फार सभ्यपणे, एकाने शरदाचे ग्लास टेबलाच्या कडेला सरकवून ठेवले.

त्यांना कळलं होतं. ते काही बोलणार नव्हते. पैसे देतील, वाकतील, आणि महिन्याचं जेवण दुसऱ्या हॉटेलात ठेवतील. का, ते मेल्विनला कधीच कळणार नाही. खूरी साहेब खांदे उडवतील. आणि मेल्विन पुढच्या वर्षी पुन्हा फडकं धुऊन तयार ठेवेल.

तिने फ्रीज उघडला. मागच्या कोपऱ्यात एकच बाटली उभी होती. तिच्यावरच्या पट्टीवर मेल्विनच्या अक्षरात 'आंद्रिया, हात लावू नये' लिहिलेलं होतं. तळाशी बोटाच्या पेराएवढा फिकट थर. ही बाटली इथे उघडली की तळाचं यीस्ट लॅबपर्यंत निर्भेळ पोहोचणार नव्हतं. ते दुःख लहान नव्हतं. पण खरी अडचण दुसरीच होती. न उघडता ठेवली, तर मेल्विन निदान आजची रात्र खुशीत झोपेल.

"दादा," ती म्हणाली, "इकडे ये."

तिने बाटली न हलवता उघडली. फस्स असा आवाज झाला, आणि शहाजीने मशीनमधून मान वळवून बघितलं. एका ग्लासात तिने दोन घोट ओतले. वर दाट साय आल्यासारखा फेस चढला. दुसऱ्या ग्लासात जगातलं ओतलं.

"आधी हे. मग हे."

"मला कामं आहेत, बाय."

"पी."

त्याने आधी जगातलं प्यायलं, मग बाटलीतलं. मग बाटलीतल्याचा उरलेला घोटही घेतला. त्याचा हात खाली आला तो हळूहळू आला. चुलीच्या राखेत भाजलेल्या रताळ्याचा, जळक्या सालीचा वास पॅन्ट्रीत सुटला होता, आणि तो त्या गार ओट्यापाशी अगदी वेगळाच वाटत होता.

"हे असं होतं?" मेल्विन म्हणाला. "सगळ्या अशाच होत्या?"

"रताळ्याच्या तरी अशाच."

"आन् आता गप ऱ्हावा मेल्विनभाऊ," शहाजी म्हणाला. "त्यांस्नी काय ठावं? क्लीन म्हनाले न्हवं? खपून गेलं. खलास."

मेल्विनने जाकिटाची बटणं चाचपली. गोल काचेतून त्याने टेबलाकडे पाहिलं आणि कडेला सरकवलेले ग्लास बहुधा त्याला पहिल्यांदाच दिसले.

"त्यांच्या गावची आहे गो ती," तो म्हणाला. त्याने बाटली उचलली.

"हलवू नको," आंद्रियाच्या तोंडून आपोआप निघालं. आणि आज दिवसभरात पहिल्यांदा त्याने तिचं ऐकलं. दोन्ही हातांनी बाटली धरून तो चालत गेला, चर्चमध्ये मेणबत्ती घेऊन जावं तसा.

तो काय बोलला ते तिला नीट ऐकू आलं नाही. त्याचं इंग्रजी घाबरला की आखूड व्हायचं. "माय मिस्टेक" दोनदा ऐकू आलं. हाताने त्याने फडकं पिळण्याची खूण केली. ओकामोटो-साननी बाटली घेतली, तळ बघितला, स्वच्छ ग्लास मागवून वरचं ओतलं. मग उरलेल्या घोटासकट बाटली अलगद गोल फिरवली, आणि तळाचा गढूळ भागही त्याच ग्लासात ओतला. शेवटच्या थेंबापर्यंत. आंद्रियाने डोळे मिटून घेतले. ते तिचं यीस्ट होतं.

ग्लास आठ जणांत फिरला. एक तरुण इंजिनिअर काहीतरी बोलला आणि सगळे हसले, या वेळी खरं. ओकामोटो-साननी मेल्विनला एकच विचारलं, आणि ते मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं.

"मोर?"

"नो मोर, सर. सॉरी."

"आह," म्हातारा म्हणाला. आठही जणांनी तो आवाज एकेक करून काढला.

*

ते गेल्यावर खूरी साहेब कॉफीचा कप घेऊन पॅन्ट्रीच्या दारात आले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते हसत होते.

"ओकामोटो-सान म्हणाले, हिवाळ्याची बियर आली की ते परत येतील. बघायला." त्यांनी कप ठेवला. "चांगलं आहे. जेवणाचं त्यानंतर ठरवतील. तुझंही आपण त्यानंतर बोलू, मेल्विन. हिवाळ्यानंतर. इन्शाल्ला."

"सर, हिवाळ्याचं जहाज कधी..."

"इन्शाल्ला," खूरी साहेब म्हणाले आणि यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत लिफ्टकडे गेले.

मेल्विन जगातलं सोनेरी पाणी सिंकमध्ये ओतू लागला. शहाजीने मशीन बंद केलं आणि नट-बोल्टचे पाने गोळा केले. आंद्रियाच्या मनात जे होतं ते इतकं होतं, की कुठलं आधी बोलावं ते तिला सुचेना. सांगितलं होतं. दोन शब्द होते. बाटली गेली, वर्ष गेलं, आणि तिला स्वतःला त्या बाटलीतला एक थेंब मिळाला नाही, मिळाला तो वास. मग सिंकच्या नळावर वाळत घातलेलं फडकं तिला दिसलं. त्यावर पिवळट डाग होते. तिचं डोकं जरा वर आलं. यीस्ट! यातून काही वाचवता येईल.

"दादा, तिन्हींना हे एकच फडकं वापरलंस?"

"एकच. पण मधे धुतलं ना."

"मधे म्हणजे?"

"आधी वसंत गाळला. मग धुऊन उन्हाळा. मग धुऊन शरद. एकाचा वास दुसऱ्याला लागायला नको." तो थोडा अभिमानाने म्हणाला. "तुझंच ऐकून. जंतू नकोत म्हणून."

आंद्रियाने फडकं नाकाशी नेलं. वसंताला नाही आणि या दोघांना आहे.

"कशात धुतलंस?"

"डेटॉलमध्ये."

ती सिंकच्या कडेला टेकली. तिला हसू यायला हवं होतं, शहाजी तर हसतही होता. तेवढ्यात ओट्यावरचा मेल्विनचा मोबाइल थरथरायला लागला. पडद्यावर डॉलीचं नाव होतं.

मेल्विनने हात पुसले. फोनकडे बघितलं. मग तो तिच्यासमोर धरला.

"तू सांग, बाय. तुला नीट सांगता येतं."

आंद्रियाने फोन घेतला. पलीकडे कुठेतरी पोर झोपमोड झाल्यासारखी कुरकुरत होती. सुरुवात यीस्टपासून करावी, गॅसपासून, की सोड्यापासून, तिला कळेना.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "आईला सांग, यंदा नाताळची वाइन गाळायचं फडकं डेटॉलमध्ये धुऊ नकोस."

"काय बोलतेस गो तू?" डॉली म्हणाली. "कसलं फडकं? मी इथे पोरीला सांगून बसलेय, पप्पाचा फोन येणार म्हणून. ते सोड सगळं. त्याचं काम झालं का, तेवढं सांग."